ईश्वरीच्या पप्पांचं नाव

'येथे पोर्तुगीज शिकवले जाईल' अशी पाटी जिन्याशी लावली, त्यानंतर जिना चढून वर आलेला पहिला माणूस हातात मोजपट्टी घेऊन आला होता. त्याने चपला बाहेर काढल्या, खोलीच्या चारी भिंती न्याहाळल्या, छत पाहिलं आणि अदबीने विचारलं, "मॅडम, पोर्तुगीज दोन बाय दोनमधी भेटन का? देवघराले पाह्यजे."

त्याला ती फरशी वाटली होती. इटालियन असते, तशी पोर्तुगीज.

मी म्हटलं, "भेटेल की. पण तोंडात बसवावी लागते."

गडी इतका सरळ, की खाली जाऊन त्याने चौकात सांगितलं, वर दाताची डॉक्टरीण आली आहे. पुढचे काही दिवस माझ्याकडे गाल धरलेले लोक येत राहिले. एका म्हातारीने तर मी समजावून सांगत असताना तोंड उघडून दाखवलंच. म्हणाली, "भाषा मंग शिकव माय, आधी दाढ पाय."

असा माझ्या व्यवसायाचा शुभारंभ. चिखलीसारख्या कापूस-सोयाबीनच्या गावात पोर्तुगीज शिकवणारी बाई कुठून आली, हे सगळेच विचारतात, तर ते एकदा छापूनच टाकू. माझे मिस्टर बँकेत. ऐन उमेदीची वर्षं आम्ही मडगावला काढली. खालच्या मजल्यावर एक एकटी म्हातारी राहायची, डोना एर्मिलिंडा. तिच्या घरातले पोर्तुगीज बोलणारे सगळे एकेक करून देवाघरी किंवा लिस्बनला गेले होते, आणि ती आपल्या मांजराशी पोर्तुगीजमध्ये भांडायची. मांजर उत्तर देत नाही म्हणून तिने मला धरलं. दुपारच्या वेळी तिच्याकडे वाटाणे सोलत सोलत मी ही भाषा शिकले. परीक्षा दिल्या, त्या नंतर. मिस्टरांनी लवकर निवृत्ती घेतली, आम्ही गावी परत आलो आणि माझ्याजवळ एक असं सामान उरलं, जे बुलढाणा जिल्ह्यात कुणालाच नको होतं. मी ते माळ्यावर टाकलं.

मग एकेक पोरगं पोर्तुगालला जायला लागलं.

कोण जातं? पुण्याच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षा देता देता ज्यांचे केस पातळ झाले, ते जातात. शेती आहे म्हणून कुणी मुलगी देत नाही, ते जातात. इथे रोजाने दुसऱ्याच्या वावरात जायची लाज वाटते, तीच मुलं तिथे प्लास्टिकच्या बोगद्यांमध्ये वाकून स्ट्रॉबेरी तोडतात. तिथे लाज वाटत नाही, कारण बघायला मामा नसतो. तिकडे कायमचं राहायचं तर भाषेची परीक्षा आहे, म्हणून एजंट लोक त्यांना माझ्याकडे धाडायला लागले. एक एजंट मला म्हणाला होता, "मॅडम, व्याकरण-बिकरण राहू द्या. फक्त वाक्यं पाठ करून घ्या." मी म्हटलं, "पाठ केलेलं वाक्य म्हणजे उसना सदरा. कुणी दुसरा प्रश्न विचारला की काखेत फाटतो."

तर हा सदरा मी अंगावरच बेतून देते. फळा वापरत नाही, माणसं वापरते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला कायम झाडाची भूमिका मिळायची, त्याचा सगळा सूड मी या वर्गात उगवून घेतला. एकाला उभं करायचं, तू 'मी'. दुसरा 'खातो'. तिसरा 'भाकर'. मराठीत उभे राहा म्हटलं की ते आपोआप नीट उभे राहतात: मी, भाकर, खातो. आपलं क्रियापद शेवटी येतं, रुसलेल्या जावयासारखं. सगळी पंगत बसली तरी तो येईपर्यंत कुणी घास उचलायचा नाही. मग मी टाळी वाजवते, "पोर्तुगीज!" त्याबरोबर 'खातो'ने धावत येऊन 'मी'च्या शेजारी उभं राहायचं आणि 'भाकरी'ने मागे सरकायचं. मी, खातो, भाकर. काय करणार आहोत ते आधी सांगायचं, कशाचं ते मागाहून.

क्रियापद कर्त्याप्रमाणे शेपूट बदलतं, तसं ते आपल्याकडेही बदलतं. हे दाखवायला माझ्याकडे टोप्या आहेत. 'मी'साठी पांढरी टोपी, 'तू'साठी गमछा, 'आम्ही'साठी माझ्या भाच्याच्या लग्नातला फेटा. क्रियापद झालेल्या पोराची त्या टोप्या बदलताना जी धांदल उडते, ती पाहायला खालचे दुकानदारसुद्धा वर येतात.

आणि नकार. पोर्तुगीजमध्ये 'नाही'ला 'नाऊं' म्हणतात आणि तो क्रियापदाच्या बरोबर पुढे उभा राहतो, दारवानासारखा. आपण नकार शेवटी देतो. मुलगी पाहतो, पोहे खातो, चहा पितो, बैठकीत पाय मोकळे करतो, आणि मग घरी जाऊन 'नाही' कळवतो. पोर्तुगीज माणूस कामाला हात लागण्याआधीच नाही म्हणतो. मी हे सांगितलं की मुलं हसतात. मुली हसत नाहीत.

'आहे' मात्र दोन आहेत. एक कायमचा, एक सध्यापुरता. मी बाई आहे, हा पहिला. मी दमले आहे, हा दुसरा. गजानन नावाच्या माझ्या एका विद्यार्थ्याने विचारलं होतं, "मॅडम, 'माझं लग्न झालेलं आहे', यात कोणता लावाचा?" मी म्हटलं, "दोन्ही चालतात. तिथल्या लोकांचंही यावर एकमत नाही." वर्ग खदाखदा हसला. मीही हसले. आता तो विनोद मी करत नाही.

एका गोष्टीत मात्र आमची पोरं जन्मतः पास. तिकडचे लोक 'मी काम करतो आहे' म्हणताना शब्दशः 'मी राहिलो आहे काम करायला' अशा थाटात बोलतात. म्हणजे आमचं 'काम करून राह्यलो'! ज्या 'राह्यलो'ला पुण्यात हॉस्टेलची पोरं फिदीफिदी हसली होती, तो लिस्बनमध्ये शुद्ध निघाला. गजा बाकावर चढून ओरडला, "म्हंजे आपण पयलेपासूनच पोर्तुगीज बोलून राह्यलो बे!"

हा गजा पुढे तिकडे गेला. काही महिन्यांनी त्याचा फोन आला. मी मोठ्या उत्साहाने विचारलं, "कसं काय चालतंय पोर्तुगीज?"

"मॅडम, मुकादम पंजाबी हाय. संगचे सारे नेपाळी नाईतर बंगाली. मालक आठवड्यातून एकदा येते अन् हात हालवून जाते. तुमची वाक्यं मी कोनाले बोलू? पोरायले पंजाबी शिकवा, ते कामी येईन."

सांगायचा मुद्दा, अभिमान वाटावा असा हा धंदा नाही. मी माणसांना निघून जायला शिकवते, आणि जिथे पोचतात तिथे माझं शिकवलेलं लागत नाही. सगळ्यात समाधानी विद्यार्थी मला मिळाला तो एक सोयाबीनचा व्यापारी. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो येऊन म्हणाला, "त्यायचं सोयाबीन आपला भाव पाडते. मले फक्त एक वाक्य पाह्यजे. शिवी पाह्यजे, पण व्याकरणशुद्ध." मी दिली. तो अजून दर हंगामात मार्केट यार्डात लिलाव सुरू व्हायच्या आधी पश्चिमेकडे तोंड करून ती देतो. 'लिलाव' हा शब्दही पोर्तुगीजच, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याचा रक्तदाब आधीच जास्त आहे.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण मध्ये वंदना आली.

ती आली तेव्हा वर्ग चालू होता. दारात उभी. हातात कापडाची पिशवी, पिशवीतून मोजपट्टी डोकावत होती. मला वाटलं, आली आणखी एक फरशीवाली.

"शिवणक्लास खालच्या गल्लीत आहे बाई," मी म्हटलं.

"मले मालूम हाय. घरी मी तेच सांगतलं. पण मले इथंच यायचं हाय."

पोरं गेल्यावर तिने सांगितलं ते असं. सासर चिखलीजवळच्या खेड्यात. नवरा पोर्तुगालला गेला, तेव्हा मुलगी ईश्वरी रांगत होती. आता ती शाळेत जाते. आधी रोज व्हिडिओ कॉल यायचे, मग सणावाराला, मग नुसते आवाजाचे आणि तेही दिराच्या फोनवर. मग नंबर बदलला. विचारलं की सासू म्हणते, कामात असतो. दीर म्हणतो, रेंज नसते. मागे एकदा दीर आंघोळीला गेलेला, त्याचा फोन स्वयंपाकघरात वाजला. परदेशाचा नंबर पाहून वंदनाने धावत उचलला. पलीकडून एक बाई बोलली. भराभर, हसून, ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं. वंदनाला काही कळलं नाही. दीर ओल्या अंगाने धावत आला आणि फोन ओढून घेतला. म्हणाला, "मालकीणबाई हायेत दादाच्या." वंदनाने तो नंबर तोवर डोळ्यांनी टिपला होता. खिळ्याने पिठाच्या डब्याच्या झाकणावर आतून कोरून ठेवला.

"ती काय बोलली, ते मले समजलं पाह्यजे," ती म्हणाली. "ईश्वरीचे पप्पा तिथं हायेत का नाई, येनार हायेत का नाई. मले वाट पाहाची का नाई, एवढंच मले मालूम करायचं हाय."

मी लगेच फोन पुढे ओढला. "सांगा नंबर. आत्ता विचारते. दोन मिनिटांचं काम."

तिने पिशवी पोटाशी धरली. "नाई मॅडम. आतालोक मले सारं दुसऱ्यायनंच सांगतलं. सासूनं सांगतलं, दिरानं सांगतलं. आता तुमी सांगसान. मीच विचारतो, अन् माह्याच कानानं ऐकतो."

मी तिला बाकावर बसवलं.

आता अडचण पाहा. शिवणक्लासला गेलेली सून संध्याकाळी काहीतरी शिवलेलं घेऊन घरी गेली पाहिजे. माझ्याकडे आईचं जुनं मशीन होतं. वर्ग सुरू झाला की वंदना कोपऱ्यात मशीन चालवायची आणि तोंडाने क्रियापदं. मशीन थांबवून वर पाहायची, ओठ हलवायची, पुन्हा पाय मारायची. माझ्या घरातल्या एकूण एक उशीला त्या दिवसांत झालरीचा अभ्रा मिळाला. तिच्या सासूला तिने शिवलेलं झंपर इतकं आवडलं, की सासूने गल्लीत सांगितलं, क्लास चांगला आहे.

पोरं आधी बिचकली. मग तिला काकू म्हणायला लागली. मग तिच्या डब्यातलं ठेचा-भाकर खायला लागली. ती सगळ्यांच्या पुढे निघाली, कारण पोरांना परीक्षा पास व्हायची होती आणि तिला उत्तर ऐकायचं होतं. "मेउ नोम ए वंदना", माझं नाव वंदना, हे तिने पहिल्यांदा म्हटलं तेव्हा गंमत झाली. तिने ते पुन्हा म्हटलं. आणि पुन्हा. मी म्हटलं, "झालं, कळलं." ती लाजली. म्हणाली, "घरी कोनी म्हनत नाई ना. ईश्वरीची मम्मी, नाईतर मोठी सून. बोलून पाह्यलं कसं लागते ते."

मग धडा आला घरच्या माणसांचा. माझ्या वडिलांचं नाव अमुक, भावाचं तमुक. प्रत्येकाने उठून सांगायचं. वंदनाची पाळी आली. माझ्या नवऱ्याचं नाव, इथपर्यंत पोर्तुगीज सुरळीत आलं आणि तिथे गाडी थांबली.

"पुढे?"

"ईश्वरीचे पप्पा."

"ते मराठीत. नाव सांगा."

तिने मान हलवली. पोरं सुटलीच. "काकू, उखाणा घ्या! पोर्तुगीजमधी उखाणा!" मीही नाटकी आवाजात म्हटलं, "अवो, सातासमुद्रापलीकडच्या भाषेत घेताय. इथे कुणाला पाप लागत नाही." सगळे हसले. ती हसली नाही. सावकाश म्हणाली, "नाव घेतल्यानं त्यायचं आयुष्य कमी होते म्हनतात. तिकडं ते एकटे हायेत. मी कायले कमी करू?"

तुम्हाला हे जुनाट वाटेल. मलाही वाटलं. पण वर नजर टाका, मी इतका वेळ 'माझे मिस्टर' असंच लिहून राहिले आहे. छापील मजकुरातसुद्धा धाडस होत नाही, आणि माझे तर शेजारच्या खोलीत बसून टीव्ही बघतायत.

नाव घ्यायची वेळच येऊ नये म्हणून मग वाक्य उभं करताना मी तिला कर्ता किंवा कर्म केलं नाही. तिला मी 'नाऊं' केलं. क्रियापदाच्या पुढे उभं राहायचं आणि मोठ्याने 'नाऊं!' म्हणायचं. पहिल्या दिवशी तिचा आवाज पुढच्या बाकापर्यंतही पोचेना. मी ओरडायचे, "अहो, दारवान आहात तुम्ही! चोर घरात शिरला!" दिवाळीच्या सुमाराला तिचा 'नाऊं' खालच्या दुकानात ऐकू जायला लागला. दुकानदार विचारायचा, "वर भांडन चालू हाय का?"

एका दुपारी पोरं गेल्यावर ती म्हणाली, "मॅडम, आज करतो."

आपल्याकडे दुपार म्हणजे तिकडे सकाळ. फोन माझा. नंबर तिला पाठ होता. मी स्पीकर लावला आणि दार ओढून घेतलं. ती खुर्चीवर बसेना. वर्गात वाक्यातला शब्द होऊन उभी राहायची, तशी खोलीच्या मधोमध उभी राहिली, पदर खोचून.

बराच वेळ वाजल्यावर तीच बाई बोलली असावी. तरुण, प्रसन्न आवाज.

वंदनाने दुपारचा नमस्कार घातला. पलीकडची हसली आणि सकाळचा घातला. तिथे सकाळ होती ना. मग विचारलं, कोण बोलतंय?

हे वाक्य आम्ही शंभरदा घोकलं होतं. वंदना म्हणाली, "ईश्वरीची आई." पोर्तुगीजमध्ये, स्वच्छ.

"कोणाची?"

"ईश्वरीची. ईश्वरीचे वडील आहेत का तिथे?"

त्या बाईला बिचारीला काय कळणार? तिने गोड आवाजात सांगितलं, इथे ईश्वरी नावाचं कुणी नाही, नंबर चुकला असेल. मी वंदनाला हातवारे करत होते, नाव घ्या, नाव! ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी त्यांची बायको आहे."

"त्यांची म्हणजे कुणाची?"

तेवढ्यात पलीकडे एक मूल रडायला लागलं. लहान मूल, आत्ताच झोपेतून उठल्यासारखं. बाईने 'एक मिनिट' म्हटलं आणि फोन तसाच धरून कुणाला तरी हाक मारली. पावलं वाजली. आणि मग माझ्या खोलीत, स्पीकरमधून, स्पष्ट, घरच्यासारखा एक पुरुषी आवाज आला:

"काऊन रडून राह्यली वं माय? ये, पप्पाकडं ये."

इतके महिने मी तिला पोर्तुगीज शिकवलं आणि उत्तर आलं वऱ्हाडीत.

मी वंदनाकडे पाहिलं नाही. मशीनवर एक अर्धा अभ्रा पडला होता, त्याच्याकडे पाहत राहिले. मला वाटलं आता ती खाली बसेल, रडेल, मी पाणी आणीन. मी तर तांब्याकडे हात नेलासुद्धा.

पलीकडची बाई परत बोलली. मुलाला शांत करणारा तोच मऊ आवाज तिच्या बोलण्यात अजून होता. "माफ करा हं. कुणाची म्हणालात तुम्ही?"

"अनिल," वंदना म्हणाली.

मला त्याचं नाव तेव्हा कळलं.

"हो, हो, अनिल!" बाई खूश झाली. नंबर चुकलेला नव्हता तर. "बोलावू का?"

"नाऊं," वंदना म्हणाली. तोच खालच्या दुकानापर्यंत जाणारा. मग तिने शब्द एकेक करून उभे केले, मी शिकवले तसे, घाई न करता. "अनिल माझा नवरा नाही." आणि शेवटी आभार मानले. मी सगळ्यांना बजावते, वाक्य कसंही गेलं तरी शेवटी आभार माना, तिकडचे लोक त्याला महत्त्व देतात. तिने मानले आणि फोन बंद केला.

मग मशीनवर बसून तिने तो अभ्रा पुरा केला. मी म्हटलं, राहू द्या आता. ती म्हणाली, "अर्धं ठेवलं तं घरी काय दाखवू?"

पुढचं मला तिच्याच गावच्या एका विद्यार्थ्याकडून कळलं. संध्याकाळी ती घरी गेली, सगळ्यांना जेवायला वाढलं आणि ताटं समोर आल्यावर सांगितलं, "अनिल येनार नाई. अनिलनं तिकडं घर केलं. त्याले पोरगी झाली."

घरात बोंब झाली. सासूने ताट सरकवलं, कपाळ बडवलं, गल्ली गोळा झाली. मला वाटलं, मुलाने तिकडे दुसरं घर मांडलं म्हणून. तसं काही नव्हतं. ते घरात सगळ्यांना कधीचंच माहीत होतं. नातीचा फोटोसुद्धा आला होता, सासूने तो पाहून डोळे पुसले होते. बोंब झाली ती यासाठी, की सुनेने भरल्या ताटावर नवऱ्याचं नाव घेतलं. एकदा नाही, दोनदा. आणि अरेतुरे केलं.

वंदना ईश्वरीला घेऊन माहेरी, बीबी गावाला गेली. सुखी शेवट हवा असेल तर इथे थांबा आणि पुढचं पान उलटा, पुढे कुणाची तरी पाककृती असेल. भाऊ चांगला आहे. भावजयीने पहिल्याच आठवड्यात विचारलं, किती दिवस. वंदना तिथे ब्लाउज शिवते. मी एकदा फोन केला तर म्हणाली, "मॅडम, इथं मले ईश्वरीची मम्मीच म्हनतात. पन आता कोनी पप्पाचं विचारलं की मी सरळ नाव सांगतो. लोक दुसऱ्यांदा विचारत नाई." पोर्तुगीज आठवतं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "एक वाक्य."

तिचा दीर दीपक पत्ता काढून माझ्या जिन्यावर आला तो पायऱ्या आपटत. वर्ग चालू होता. दारातूनच सुरू झाला, "तुमी मॅडम हाय का कोन हाय? आमच्या घरातली बाई शिवण शिकाले येते म्हनून आमी पाठोलं, अन् तुमी तिले दादाचं नाव घ्याले शिकोलं!"

"नाव घ्यायला मी नाही शिकवलं," मी म्हटलं. "मी फक्त त्याच्यापुढचे तीन-चार शब्द शिकवले."

"आमच्या घराची इज्जत गेली."

"कशाने गेली, भाऊ? तिकडे पाळणा हलला तेव्हा नाही गेली?"

पोरं माना खाली घालून बसली होती. दीपकने खोलीभर पाहिलं, भिंतीवरच्या टोप्या, तो फेटा, झालर लावलेल्या उशा. कोपऱ्यातल्या मशीनवर त्याची नजर अडखळली आणि पुढे सरकली. मग रिकाम्या बाकाच्या टोकावर बसला, घाम पुसला आणि एकदम वेगळ्या आवाजात म्हणाला, "मॅडम, दादानं मले बोलावलं हाय तिकडं. पेपर चालू हायेत. नवी बॅच कधी निंघते?"

अशा वेळी तोंडावर दार लावणाऱ्या बाणेदार बायका मी वाचल्या आहेत. माझ्या जिन्याखाली पाटी आहे. मी म्हटलं, "सोमवारी."

तो येतो. नियमित येतो. मी त्याला कायमचा 'नाऊं' करून ठेवलाय. पोरं टोप्या बदलतात, कर्ते होतात, कर्म होतात, हा आपला दारवान. एवढा सूड व्याकरणात बसतो. आवाज मात्र फार बारीक आहे त्याचा, खाली दुकानात काही जात नाही.

परवा घरच्या माणसांचा धडा होता. प्रत्येकाने उभं राहून सांगायचं: आई, वडील, भाऊ, नाव काय, करतात काय. दीपकने आईचं सांगितलं, भावाचं सांगितलं, तो पोर्तुगालला राहतो तेही बिनचूक सांगितलं. मी पोर्तुगीजमध्ये विचारलं, "तुमच्या भावाच्या बायकोचं नाव काय?"

त्याला प्रश्न समजला होता. त्याने एकदा दाराकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात, मराठीतच, अगदी निरागसपणे म्हणाला, "मॅडम, परीक्षेत कोनती सांगाची?"